गाडीला गाडी घासली तर : वाहनचालकाची कायदेशीर जबाबदारी

मावळ-लोणावळ्याच्या माणसाचे निम्मे आयुष्य रस्त्याच्या कडेला जाते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग वडगाव, कामशेत, कार्ला फाटा, वलवण, लोणावळा असा आपल्या दारावरून जातो. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग आपल्या शेतांमधून गेला आहे. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत कामगारांना नेणाऱ्या बसेस पहाटेपासून धावू लागतात, आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग पार बाजारपेठेपर्यंत येते. आपल्या मंडळाच्या सभासदांत टेम्पोचालक आहेत, रिक्षावाले आहेत, पर्यटकांच्या गाड्या चालविणारे आहेत. आपले विद्यार्थी दुचाकीवरून महाविद्यालयात जातात. तेव्हा गाडीला गाडी लागणे हा प्रकार आपल्यापैकी कोणालाही चुकलेला नाही आणि चुकणारही नाही.

मोठ्या अपघाताच्या वेळी पोलीस येतात, पंचनामा होतो, वर्तमानपत्रात बातमी येते. खरा घोटाळा होतो तो लहान अपघाताच्या वेळी. बंपर वाकला, आरसा फुटला, कोणाचा गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावले म्हणजे दोन्ही बाजूंना वाटते की आता कायदा कशाला, पाच-दहा मिनिटांत मिटवून टाकू. कायदा मात्र अशा अपघातालाही लागू असतो. तो काय म्हणतो हे फारच थोड्या चालकांना ठाऊक असल्यामुळे हा विषय आम्ही स्मरणिकेसाठी घेतला आहे. आरंभी आमच्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग सांगतो.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये आमची बारा-तेरा माणसे भाड्याच्या गाडीने देहूरोडच्या विहाराला जाऊन परत येत होती. दिवेलागणीची वेळ होती. जुन्या महामार्गावरील एका फाट्यावर डाव्या अंगाने आलेली दुचाकी आमच्या गाडीच्या मागच्या बाजूस घासली आणि दुचाकीवरील मुलगा खाली पडला. चालकाने आरशात पाहिले. मुलगा उठून बसलेला दिसताच त्याने वेग वाढविला. "उभा राहिलो तर पोरं जमतील, मार खावा लागेल," एवढेच तो बोलला. गाडीत क्षणभर कोणीच काही बोलेना. खरे सांगायचे तर आमच्यापैकी अनेकांच्या मनात तेच होते. घरी लवकर पोहोचायचे होते, लहान मुले पेंगत होती. तेवढ्यात पुढच्या बाकावरील आमच्या एका ज्येष्ठ भगिनी, ज्यांना आम्ही सर्व आक्का म्हणतो, त्या म्हणाल्या, "बाळा, गाडी बाजूला घे. आपला नंबर कुणीतरी घेतला असंल आत्तापत्तोर." गाडी दोनशे पावलांवर थांबली आणि आम्ही मागे चालत गेलो.

मुलाचा गुडघा सोलवटला होता, मनगट दुखत होते. दुचाकीचा आरसा आणि इंडिकेटर फुटला होता. थोड्याच वेळात त्याचे वडील आले. ते भांडतील अशी आमची अपेक्षा होती, पण तेच हळू आवाजात म्हणाले, "दादा, पोलिसात कशाला? पोरगं सतराचं हाय, लायसन नाय. आरशाचं पैसं द्या अन् मोकळं व्हा." चालकाने खिशातून पाचशेची नोट काढलीच होती. आक्कांनी त्याचा हात धरला. तेथून पुढे दवाखाना, सरकारी रुग्णालय आणि पोलीस ठाणे असे करता करता घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा मुलाच्या मनगटाचे हाड मोडलेले आढळले. हा प्रसंग पुढे पुन्हा येईल. आता कायद्याकडे वळू.

आपल्या देशात या बाबतीतला मुख्य कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला, आणि त्यात १९९४ साली व २०१९ साली मोठे बदल झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील कलम १३२, १३३ आणि १३४ ही तीन कलमे ध्यानात ठेवली म्हणजे पुष्कळ झाले.

कलम १३४ सर्वांत महत्त्वाचे. अपघातात एखाद्या माणसाला इजा झाली, किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, म्हणजे ते लागू होते. म्हणजे नुसता दुसऱ्याच्या गाडीचा दरवाजा चेपला, दुकानाची पायरी फुटली, कोणाच्या शेताचे कुंपण मोडले तरी ते लागू होते. येथे एक गोष्ट वाचकांनी बारकाईने पाहावी. या कलमात चूक कोणाची, असा प्रश्नच विचारलेला नाही. आपल्या चालकाचे म्हणणे होते, "तो येऊन मला घासला, मी कशाला थांबू?" हा युक्तिवाद पुढे न्यायालयात चालेल, पण रस्त्यावर चालत नाही. ज्याची गाडी त्या अपघातात आहे त्या प्रत्येक चालकावर ही कर्तव्ये येतात, आणि घासणाऱ्या दुचाकीच्या चालकावरही ती तितकीच येतात.

ही कर्तव्ये तीन आहेत. पहिले, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करणे, म्हणजे त्याला जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात पोहोचविणे. जखमी व्यक्तीची स्वतःची, किंवा ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाची, तशी इच्छा नसेल तर गोष्ट वेगळी. दुसरे, पोलीस अधिकारी विचारील ती माहिती देणे, आणि तेथे पोलीस हजर नसेल तर शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात घडलेली हकीकत कळविणे. तिसरे, विमा कंपनीला लेखी माहिती देणे. त्यात पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमींचा तपशील, आणि चालकाचे नाव व परवान्याचा तपशील द्यावा लागतो. हे तिसरे कर्तव्य १९९४ साली घातले गेले, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे दहांतले नऊ चालक ते जाणतच नाहीत. विमा म्हणजे मालकाचे काम, अशी समजूत असते. कायद्याने ते चालकावरही टाकले आहे.

ही कर्तव्ये न पाळल्यास कलम १८७ खाली शिक्षा आहे. पूर्वी ती तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड अशी होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी झाली. तोच गुन्हा पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही शिक्षा अपघात केल्याची नव्हे, अपघातानंतर जे करायचे ते न केल्याची आहे. आमच्या चालकाची चूक नव्हती असे क्षणभर धरले, तरी तो तसाच पुढे गेला असता तर या कलमात निश्चित सापडला असता.

आता चालकाच्या भीतीविषयी. जमाव मारतो, गाडी फोडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे आणि ती भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण नवल असे की ही भीती कायद्यालाही ठाऊक आहे. जखमीला मदत मिळवून देण्याचे कर्तव्य सांगतानाच, जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवाद कलम १३४ ने केलेला आहे. म्हणजे जिवाला धोका दिसला तर चालकाने तेथून निघावे, यात गुन्हा नाही. मात्र तेथून निघून त्याने थेट पोलीस ठाणे गाठावे आणि मदत का करता आली नाही तेही सांगावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पळून घरी जाणे आणि निघून पोलीस ठाण्यात जाणे, या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आजच्या काळात वाटेतूनच ११२ क्रमांकावर फोन करता येतो. त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि चालक लपत नव्हता याचा तो चांगला पुरावा होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

याच संदर्भात २०२४ च्या जानेवारीतला चालकांचा संप वाचकांना आठवत असेल. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघात करून पळाल्यास दहा वर्षे कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध तो संप होता. त्यानंतर आपल्याकडे कित्येक चालकांची अशी समजूत झाली की कोणाला साधा धक्का लागला तरी आता दहा वर्षे आत. ही समजूत चुकीची आहे. भारतीय न्याय संहितेतील ती तरतूद, म्हणजे कलम १०६ चे दुसरे उपकलम, निष्काळजी वाहन चालविण्याने मृत्यू झाला आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता चालक पळाला, एवढ्यापुरतीच आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूस ठेवण्यात आले. किरकोळ अपघाताशी त्याचा संबंध नाही.

किरकोळ अपघाताला जी कलमे लागतात ती वेगळी. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालविल्याबद्दल न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे जुन्या दंड संहितेचे २७९, लागते आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद वा एक हजारापर्यंत दंड आहे. त्यातून कोणाला दुखापत झाली तर कलम १२५ लागते. साध्या दुखापतीस सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड, आणि जबर दुखापतीस तीन वर्षांपर्यंत कैद वा दहा हजारांपर्यंत दंड. येथेच आमच्या प्रसंगातील मनगट आडवे येते. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येत जबर दुखापत आहे, मग ते बोटाचे हाड का असेना. संध्याकाळी सात वाजता जो अपघात गुडघा सोलवटण्याइतका होता, तोच दुसऱ्या दिवशी सकाळी जबर दुखापतीचा झाला. रस्त्यावर उभे राहून अपघात किरकोळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार आणि अक्कल दोन्ही आपल्यापाशी नसते. पाचशे रुपये देऊन आम्ही निघून गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी आमचा चालक 'ठोकर मारून पळालेला' म्हणून शोधला गेला असता, आणि ती नोट घेतल्याची कबुली देण्यास कोणी पुढे आले नसते.

दवाखान्याचीही हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही मुलाला प्रथम रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे सांगण्यात आले की अपघाताची केस आहे, आधी पोलिसांत नोंद करून या. आम्ही वाद घातला नाही, पण आज वाटते की घालायला हवा होता. अपघातातील जखमीवर आधी उपचार आणि मग कायदेशीर सोपस्कार, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेत १९८९ सालीच दिलेला आहे, आणि कलम १३४ मध्येही डॉक्टरांवर तसे कर्तव्य घातलेले आहे. जे केवळ मदतीला धावतात, त्या वाटसरूंनाही आता संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर २०१९ साली कलम १३४-अ घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी टाकता येत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. आपल्या युवकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण मदतीला जाऊ नको, साक्षीत अडकशील, असे सांगणारी वडीलधारी माणसे प्रत्येक घरात आहेत.

कलम १३२ हे नाव-पत्त्याचे कलम आहे. गणवेशातील पोलीस उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने अपघातासंबंधी गाडी थांबविण्यास सांगितले तर थांबले पाहिजे, आणि जरूर तेवढा वेळ, पण २४ तासांहून अधिक नाही, थांबून राहिले पाहिजे. ज्याचे नुकसान झाले आहे त्याने मागितल्यास चालकाने आपले नाव-पत्ता आणि गाडीमालकाचे नाव-पत्ता दिला पाहिजे. मात्र मागणाऱ्यानेही आपले नाव-पत्ता सांगितला पाहिजे, अशी अट आहे. कायद्याने येथे पैसे देण्यास सांगितलेले नाही, मोबाईल वा गाडीची चावी ताब्यात देण्यास तर नाहीच नाही. लोणावळ्यात गर्दीच्या दिवशी धक्का लागला की पहिल्यांदा चावी काढून घेण्याची जी रीत पडली आहे, तिला कायद्यात कोठेही आधार नाही.

याच कलमात आपल्या खेड्यापाड्यांच्या उपयोगाची एक गंमतीची तरतूद आहे. जनावर हाकणाऱ्याला वाटले की गाडीमुळे आपले जनावर बुजेल आणि आवरणार नाही, तर तो गाडी थांबवायला सांगू शकतो आणि चालकाने थांबले पाहिजे. पवन मावळात वा नाणे मावळात संध्याकाळी म्हशी परतताना कर्कश हॉर्न वाजवणाऱ्या पाहुण्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. जनावर म्हणजे कोणते, तेही सांगितले आहे : घोडा, गाय-बैल-म्हशी, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. हत्ती आणि उंट आहेत, पण कुत्रा मात्र यादीत नाही.

कलम १३३ मालकावर आहे. गाडी कोण चालवीत होते आणि त्याच्या परवान्याचा तपशील काय, हे पोलिसांनी विचारल्यास मालकाने सांगितलेच पाहिजे. ज्या चालकाकडे परवाना नाही त्याच्या जागी परवानाधारकाला उभे करायचे, हा प्रकार आपल्याकडे 'मदत' या नावाखाली सर्रास चालतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. खोटे सांगणारा, सांगायला लावणारा आणि खरा चालक असे तिघेही नव्या गुन्ह्यात अडकतात. द्रुतगती मार्गावर आणि टोलनाक्यांवर आता कॅमेरे आहेत, चाकावर कोण बसले होते हे लपत नाही.

मालकी हस्तांतराबद्दलही येथेच सांगून टाकतो. जुनी दुचाकी विकली, पैसे घेतले, पण नोंदणी-पुस्तकात नाव बदलले नाही, अशी उदाहरणे आपल्या वस्तीत घरटी सापडतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार यांच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी चार हात फिरून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची नोटीस पहिल्याच्याच घरी येते. नाव बदलून घेण्याचा कंटाळा फार महाग पडतो.

आता मिटवामिटवीचा प्रश्न. आम्ही हे सर्व लिहिल्यावर कोणी विचारील, मग काय प्रत्येक ओरखड्यासाठी पोलीस ठाण्यात जायचे? कोणालाही इजा नाही, दोन्ही गाड्या चालू आहेत, दोघेही शांत आहेत, अशा वेळी आपसांत समजुतीने नुकसान भरून देणे हा काही गुन्हा नाही, आणि व्यवहारात तेच होते. तरीसुद्धा दोन्ही गाड्यांचे क्रमांकासह फोटो घ्यावेत, नाव-पत्ते घ्यावेत, आणि पैसे दिले-घेतले तर दोन ओळींचा कागद करावा : कोणत्या तारखेचा, कोणत्या ठिकाणचा अपघात, किती रक्कम, यापुढे गाडीच्या नुकसानीबद्दल मागणी नाही, दोघांच्या सह्या. 'माझी चूक झाली' असे मात्र त्या कागदावर लिहू नये. विम्याच्या पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करू नये वा भरपाईचे वचन देऊ नये. मोठे नुकसान असेल तर या एका वाक्यावरून दावा अडू शकतो. आणि कोणाला दुखापत झाली असेल, विशेषतः डोक्याला वा हातापायाला मार असेल, किंवा पडलेले माणूस वयस्क वा लहान मूल असेल, तर मिटवामिटवीचा विचारच मनात आणू नये. नोंद करून पोहोच घ्यावी. खरोखरच काही निघाले नाही तर त्या नोंदीने कोणाचे बिघडत नाही.

विम्याविषयी थोडे. तृतीय पक्षाचा विमा, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो, तो कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. नसल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, आणि दुसऱ्या वेळी चार हजार. दंडापेक्षा मोठा धोका असा की भरपाईची सर्व रक्कम मालकाच्या घरादारावर येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा वेगळा, ऐच्छिक. तो असला तरी लहान नुकसानीसाठी वापरावा की नाही याचा हिशेब करावा. मोटारीच्या दाव्यात पहिले एक किंवा दोन हजार रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. शिवाय दावा न केल्याची जी सूट दर वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती दाव्यानंतर जाते. दीड हजाराच्या ओरखड्यासाठी पाच वर्षांची सूट घालविणे शहाणपणाचे नाही. पण कंपनीला कळविणे आणि दावा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समोरच्याचे नुकसान वा इजा असेल तर कळवायचे ते कळवायचेच.

टेम्पोचालक बंधूंसाठी एक दिलासा आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याने मालवाहू टेम्पो चालविला म्हणून विमा कंपन्या हात वर करीत असत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविण्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे. आपल्याकडील बहुतेक छोटे टेम्पो या मर्यादेत बसतात.

अपघातानंतर पोलीस गाडी तपासणीसाठी नेऊ शकतात. कलम १३६ प्रमाणे ती कोठे नेली हे मालकाला कळविले पाहिजे, आणि सोपस्कार झाल्यावर २४ तासांत परत दिली पाहिजे. हातावर पोट असलेल्या चालकाला हे ठाऊक हवे. गाडी उभी राहिली की त्याची चूल विझते. विनंतीअर्ज करताना या कलमाचा उल्लेख करावा, भाषा नम्र ठेवावी आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

पालकांना एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या प्रसंगातील मुलगा १७ वर्षांचा होता. गियरच्या मोटारसायकलीला वा नेहमीच्या स्कूटरला १८ वर्षे पूर्ण लागतात. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकीपुरताच. २०१९ साली आलेल्या कलम १९९-अ नुसार अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. कारखान्यात वा वाहतुकीच्या धंद्यात नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही शेवटची शिक्षा सर्वांत जड आहे.

पण म्हणून परवाना नसलेल्या मुलाचा हात मोडला तर त्याला काहीच मिळत नाही, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सुधीरकुमार राणा यांच्या प्रकरणात म्हटले आहे की नुसता परवाना नसणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. प्रत्यक्ष अपघातात कोणाची किती चूक, हे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. हे आम्ही त्या मुलाच्या वडिलांना नंतर समजावून सांगितले. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि राहत्या जागेच्या न्यायाधिकरणाकडेही तो चालतो. २०२२ पासून यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. तिच्याबद्दल न्यायालयात वाद चालू आहेत, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे जबर दुखापतीस ५० हजार आणि मृत्यूस दोन लाख रुपये शासनाकडून मिळतात. त्यासाठीही पहिली गरज पोलीस नोंदीचीच.

द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे हे सर्वांना माहीत असूनही काही मुले गस्त चुकवून जातात. तेथे अपघात झाला तर दुसऱ्याची चूक दाखविणे फार अवघड जाते. मोटारीला किरकोळ धक्का लागला तर त्या मार्गावर मधल्या मार्गिकेत उतरून वाद घालू नये. शक्य असल्यास गाडी डाव्या कडेला घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, माणसांना कठड्यापलीकडे उभे करावे आणि मग फोन करावा. घाटात धुक्याच्या दिवसांत तर हे अधिकच.

मूळ प्रसंगाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. एक्स-रे आल्यावर गुन्हा नोंदला गेला. आमचा चालक स्वतः हजर झालेला होता, त्याचा जबाब आधीच होता, म्हणून त्याला अटक न करता नोटीस देण्यात आली आणि गाडी दुसऱ्या दिवशी परत मिळाली. मुलाच्या वडिलांवरही वेगळी कारवाई झाली. ते काही महिने आमच्याशी बोलत नव्हते, आणि त्यांचा राग आम्ही समजू शकतो. भरपाईचा अर्ज मात्र त्यांनी आमच्याच एका वकील सभासदाकडून करून घेतला. त्यात विमा कंपनी हजर झाली आहे, कारण अपघाताची लेखी माहिती तिला तिसऱ्या दिवशीच पोहोचली होती. फौजदारी खटला वडगावच्या न्यायालयात चालू आहे. चूक कोणाची हे अजून ठरायचे आहे. साक्षीदारांच्या यादीत आक्कांचे नाव आहे. तारीख जवळ आली की त्या एवढेच विचारतात, वडगावला सोडायला कोण येणार, आणि गाडी कोण चालविणार.